नवी पॅनल, दोन इंजेक्शनं

नाशिकहून निघालो तेव्हा गाडीच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांखेरीज दोनच वस्तू होत्या, माझ्या बायकोची, सुलभाची, दोन इंजेक्शनं. तिच्या सांध्यांच्या दुखण्यावर दर रविवारी एक घ्यावं लागतं आणि ते दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं. जुना टेम्पो विकत घेऊन मी दीड वर्ष खपून त्याचं फिरतं घर केलं, ते तिला किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत न्यावं म्हणून. बारा दिवसांचा प्रवास. डॉक्टरांची अट एकच होती: फ्रिज एक तासही बंद पडता कामा नये.

टपावरचं जुनं सोलर पॅनल शंभर वॉटचं होतं. त्यावर फ्रिज आणि पंखा एकत्र चालत नसत. म्हणून आधी तीन दिवसांची चाचणी ठरवली. उल्हासनगरला नवी पॅनल घ्यायची, अंबरनाथला बसवायची आणि बदलापूरच्या पुढे बारवी धरणाकडे एक अख्खा दिवस काढून बघायचा.

"चाचणीच आहे ना, मग नुसतं पाणी ठेवा," सुलभा म्हणाली. "थर्मामीटर पाण्यालाही लावता येतो."

"खऱ्या प्रवासात आपण नुसतं पाणी नेणार आहोत का?" मी म्हणालो. हे वाक्य मला आता कायमचं पाठ झालं आहे.

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात आधी दाल पकवान (मैद्याची कुरकुरीत पुरी आणि वर घट्ट डाळ) खाल्लं. दुकान गल्लीत होतं. मालक साठीचे सिंधी गृहस्थ. मी एकशे पासष्ट वॉटची दोन पॅनल रस्त्यावर उन्हात मांडायला लावली आणि पिशवीतून माझा मीटर काढला.

"साईं, लेबल पे लिखा है ना?" ते सिंधी रीतीने आदराने म्हणाले.

"लेबल तुमच्याकडे नकली मालावरही चिकटवतात."

आजूबाजूचे दुकानदार हसले. मालक हसले नाहीत. स्वतः पॅनल धरून उभे राहिले. मीटरवर आकडा आला आठ पूर्णांक सहा अँपियर, दुसऱ्याचाही तोच. वहीत लिहून घेतला. "अब शांती?" त्यांनी विचारलं. मी पैसे मोजले.

अंबरनाथला कारखान्यांच्या भागात तात्या मिस्त्रींचा पत्र्याचा कारखाना आहे. मूळचे मालवणकडचे. चौकट वेल्डिंग करून पॅनल टपावर बसवायला त्यांना दीड दिवस लागला. तेवढा वेळ गाडी शेडखाली होती, त्यामुळे बॅटरी जवळजवळ तळाला आली. उद्या ऊन भरून काढेल, असं मी गणित केलं. ते चूक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना तात्यांनी झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणला. "हार घातल्याशिवाय माझ्या दारातून गाडी जात नाय, साहेब. चौकटीच्या पुढच्या दांडीला बांधतो. वैनी, नारळ तुम्ही फोडा."

ते दोऱ्याने बांधत होते. मी शिडीवर चढलो आणि म्हणालो, "दोरा तुटेल. उडून मागच्या गाडीवर पडला तर?" आणि हाराची दोन्ही टोकं स्वतः तारेने आवळली. मधला भाग सैल होता. मग उतरलो, नारळाचा प्रसाद खाल्ला आणि निघालो. शिडी भिंतीला टेकलेली तशीच राहिली. माझ्या यादीत एकतीस वस्तू होत्या. शिडी नव्हती, कारण ती एरवी गाडीच्या मागे बांधलेलीच असते.

बदलापूर मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना भाताची वाळलेली खाचरं, मधूनच पळस. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. काठाच्या मातीवर उतरत्या पाण्याच्या रेघा उमटल्या होत्या. अकराला गाडी भर उन्हात उभी केली. सुलभा फांद्यांच्या सावलीत खुर्ची टाकून बसली आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणताना ऐकू आली.

आत मीटरवर आकडा होता तीन अँपियर. सतरा हवे होते.

मी वायरी तपासल्या. फ्यूज बदलला. जोडण्या सोडून पुन्हा आवळल्या. तीनच. फ्रिजला पाच लागतात. दोन वाजता बॅटरी संपली आणि फ्रिज बंद झाला.

मी दुकानदारांना फोन लावला. "माल बदललात तुम्ही. उल्हासनगरचा माल तो उल्हासनगरचाच!"

"भाऊ, आपने खुद नापा था."

"नापलं ते वेगळं आणि बांधून दिलंत ते वेगळं!" आणखीही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुलभा ऐकत होती.

"अहो, आधी वर बघा तरी," ती म्हणाली.

"शिडी कुठाय?"

साडेतीनला फ्रिजमध्ये सतरा अंश होते. तेव्हा कुठे मी गाडी हलवली आणि अलीकडच्या पाड्यावर, चढावरच्या एका घराखाली थांबवली. ओट्यावर एक बाई मिरच्या वाळत घालत होत्या. फ्रिज आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "हाय ना. ठेवा की. मासली हाय आत, चालंल ना?" मग माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, "दादा, गाडी नवी काय? टपावर केवढा हार टाकलाय!"

मी ओट्यावर चढलो. वाऱ्याने हार दांडीवरून मागे उलटला होता आणि दोन्ही पॅनलांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा पडला होता. पॅनलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात. नळीवर एका जागी पाय दिला की सगळं पाणी अडतं, तसं एका ओळीवर सावली पडली की सगळी वीज अडते. हे मला माहीत होतं. सुलभाला मी ते चित्र काढून समजावलं होतं. तात्यांचा दोरा बदलापूरच्या आधीच तुटला असता आणि हार वाटेतच पडला असता.

डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन्ही टाकून द्या. नवी मिळायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या आठवड्यात सुलभाला पोळपाटावर लाटणं धरवेना.

त्याच दिवशी परतताना अंबरनाथहून शिडी घेतली आणि उल्हासनगरला थांबलो. दुकानदारांना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं. "ठीक है," म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "गाली देने को सीढ़ी नहीं लगती, भाऊ."

वेंगुर्ल्याचं मी एकदाच विचारलं. "तुमचे आकडे बरोबर असतात हो," सुलभा म्हणाली. "पण मी आता नाही येणार."

गाडी आमच्या इमारतीमागे उभी असते. दुपारी जाऊन बघतो. सतरा अँपियर येतात, एखाद्या दिवशी साडेसतराही. फ्रिज बरोबर चार अंशांवर असतो. आत पाण्याची बाटली आहे.