ज्या प्रथिनानं विष तोडलं नाही

आर्णीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. ती जवळच्या बंजारा तांड्यावरून सायकलनं यायची. रसायनशास्त्रात ती माझ्या पुढं होती. परीक्षानळीतला रंग बदलायच्या आधीच ती काय होणार ते सांगायची. शेवटच्या वर्षी तिचं लग्न झालं, ती सासरच्या तांड्यावर गेली, आणि मी संशोधनासाठी हैदराबादला.

तिथं मी नवी प्रथिनं घडवायला शिकले. प्रथिन म्हणजे वीस तऱ्हेच्या मण्यांची लांब माळ. मण्यांचा क्रम ठरला की माळ आपसूक घडी घालते, आणि घडीच्या आकारावर तिचं काम ठरतं. मला निसर्गात कुठंच नसलेली माळ हवी होती. तिच्या घडीत एक खाच असावी, त्या खाचेत कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचा रेणू अडकावा आणि तुटावा. विषय मीच निवडला होता. का निवडला, हे मार्गदर्शकांना सांगायची वेळ आली नाही.

पोळ्याला घरी आले तेव्हा ती भेटायला आली. मी संगणकावर तिला ती घडी फिरवून दाखवली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"हे खरंच असं दिसते काय?"

"अजून माहीत नाही. जिवाणूंकडून बनवून घेतलंय. आता त्याचे स्फटिक करायचे, मिठाच्या कणांसारखे, आणि क्ष-किरणांखाली पाहायचं. तेव्हा कळेल."

"म्हणजे तू मनानं काढलं, आन् आता खरं हाय का ते पाहून राह्यली." ती हसली. "आमच्या घरी रोज फवारणी सुरू हाय. लवकर कर."

त्या वर्षी कपाशीच्या पऱ्हाट्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. तिचा नवरा स्वतःचं शेत झालं की दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारायला जायचा. पंप पाठीवर, नळी वर धरलेली, आणि तुषार त्याच्याच तोंडावर येत. आभाळ भरून राहिलेलं, वारा नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "यायले यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तोंडातून फेस येऊन राह्यला. डोळ्यानं दिसत नाही म्हणतात."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. वॉर्डात अशीच आणखी माणसं होती. तिच्या नवऱ्याचे हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. उताऱ्याच्या इंजेक्शनानं माणूस भ्रमात जातो, सुया उपटतो, म्हणून. तो हवेत काहीतरी वेचत होता. बोटं बोंडावरून कापूस काढावा तशी हलत होती. त्याची आई खाटेच्या पायथ्याशी बसून त्याच्या तळव्यांना राख चोळत होती. मधूनच तो आईला हाक मारायचा, "याडी, पाणी".

त्याच्या शरीरात काय चाललं होतं ते मला अणूअणूपर्यंत ठाऊक होतं. नसांचा निरोप पोचला की तो थांबवणारं एक प्रथिन असतं; विष त्याच्या खाचेत जाऊन बसलं होतं, आणि निरोप थांबत नव्हता. मी त्यावर दोन प्रकरणं लिहिली होती. आणि मी तिथं करू काय शकले, तर खालून थंड पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या.

तिसऱ्या दुपारी व्हरांड्यात मार्गदर्शकांचा फोन आला. स्फटिक क्ष-किरणांखाली पाहून झाले होते. त्यांचा आवाज आनंदानं चढला होता. घडी तंतोतंत जुळली, म्हणाले, आपण काढली तशीच. मी खाचेबद्दल विचारलं. माळेतल्याच एका मण्याचं टोक आत वळून बसलं होतं. खाच बंद होती. विषाला आत शिरायला जागाच नव्हती.

"ते नंतर दुरुस्त करू," ते म्हणाले. "रचना मिळाली, हे मोठं आहे."

मोठं होतंच. मला आनंद झाला, आणि आत वॉर्डात जायची लाज वाटली.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. सातव्या दिवशी तो गेला.

तेरवीनंतर मी तांड्यावर गेले. ती अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुह्या त्या प्रथिनाचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. घडी बरोबर आली, खाच बंद निघाली.

"उघडी निघाली असती तर हे वाचले असते काय?"

नाही म्हणायला मला वेळ लागला. "नसते वाचले. ते परीक्षानळीतून माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतात. कदाचित येतही नाही."

"मंग मले लवकर कर म्हनू काहून देलं?"

तिनं सुपातले खडे बाजूला काढले, आणि थोड्या वेळानं चहा ठेवायला उठली.

आमचा शोधनिबंध छापून आला. मथळ्यात रचना जुळल्याचं होतं. खाच बंद आहे, प्रथिन काही तोडत नाही, हे वाक्य घालण्यासाठी मी मार्गदर्शकांशी भांडले. ते शेवटच्या परिच्छेदात राहिलं. पुढं आम्ही तो मणी बदलला. तिसऱ्या खेपेचं प्रथिन नळीत विष तोडतं, पण इतकं सावकाश की त्याला औषध म्हणता येणार नाही. मी अजून त्याच्यावरच काम करते.

तिनं पुढच्या हंगामात कापूस लावला नसेल असं मी धरून चालले होते. तिनं लावला. फवारायला सासरा गेला. मी हातमोजे, चष्मा, तोंडावरची पट्टी असं सगळं पार्सलनं पाठवलं, आणि आठवड्यानं फोन करून ते वापरतात का विचारलं.

"पयल्या दिवशी घातलं," ती म्हणाली. "मंग काढून ठेवलं. जीव घाबरते म्हनतात त्याच्यात."