खिडकीतून फक्त हात दिसतो

आमच्या फार्मसिस्ट श्रीमती सुनंदा मोरे यांची आणि माझी ओळख टेलिफोनवर झाली. पुण्याहून बेंगळुरूच्या या रुग्णालयात डॉक्टर म्हणून येऊन मला चारच दिवस झाले होते.

"डॉक्टर, तुम्ही लिहिलेली वेदनाशामक गोळी मी दिलेली नाही," पलीकडून आवाज आला. "त्या पेशंट आजोबांच्या किडनीचा रिपोर्ट जुन्या फाइलीत आहे. बघता, की मीच वर घेऊन येऊ?"

बघतो, म्हणालो. तरी त्या दोन मजले चढून आल्या, फाइल टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. रिपोर्ट वाचून मी गोळी बदलली. "सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक', एवढंच म्हणून त्या गेल्या. चूक दाखवणारं माणूस इतक्या कमी शब्दांत मोकळं होतं, हे मला नवीन होतं.

आमच्याकडे त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथल्याच चामराजपेटेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अक्का आता साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्त होत आहेत. रुग्णाजवळ फार्मसिस्टला जागा आहे की नाही, या एका प्रश्नावर त्यांनी आपली सगळी नोकरी खर्ची घातली. म्हणून त्यांच्या या गौरवग्रंथात तेवढंच लिहितो.

ती जागा त्यांना कोणी दिली नव्हती. सकाळच्या राऊंडला त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सर्जन म्हणाले, "फार्मसी खाली आहे, मॅडम. वाट चुकलात?"

"नाही, सर. खाली खिडकीतून फक्त हात दिसतो. माणूस बघायला आले."

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्याही. पुढे माझ्या ओपीडीतही खुर्ची ओढून बसू लागल्या.

त्या बसल्या नसत्या तर काय झालं असतं, हे मला पुस्तकबांधणी करणाऱ्या एका कन्नड गृहस्थांमुळे कळलं. त्यांचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. मी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. किती दुखतं, असं मी दर मंगळवारी विचारी, ते म्हणत, "स्वल्प, सार." स्वल्प म्हणजे थोडं, एवढं मला कळत होतं, शब्द तर मराठीतही तोच. 'थोडी वेदना' असं कागदावर लिहून मी पुढच्या रुग्णाला बोलावी.

तिसऱ्या मंगळवारी अक्कांनी मला दाराबाहेर नेलं.

"अहो पुणेकर, इथं बसमध्ये सरकून बसा म्हणायचं तरी स्वल्प, आणि पाय मोडला तरी स्वल्पच. त्यात समोर डॉक्टर. ते माप नव्हे हो, अदब आहे ती."

आत येऊन त्यांनी दुखण्याचं विचारलंच नाही. जेवायला कसे बसता, असं विचारलं. ते बसत नव्हते. महिनाभर भिंतीला टेकून उभ्यानं जेवत होते. गोळ्या वेळेवर घेता का, यावर त्यांच्या पत्नीनं मान खाली घातली. गोळ्यांनी पोट साफ होईना, म्हणून ते दिवसाला एकच घेत होते. हे डॉक्टरांना सांगायची त्यांना लाज वाटे.

"तुमची चूक नाही, अण्णा," अक्का म्हणाल्या. "असं होणार, हे आम्ही आधी सांगायला हवं होतं."

ते सांगणं माझं काम होतं. त्यांनी 'आम्ही' म्हटलं.

पोटाचं औषध जोडलं. गोळ्यांच्या वेळा घड्याळाला बांधल्या. घरी त्या नीट घेतल्या जातात का, हे बघायला अक्का दोनदा जाऊन आल्या; वाटेवरच आहे, म्हणाल्या. तो आजार बरा होणारा नव्हता, झालाही नाही. पण शेवटचे चार महिने ते ताटासमोर बसून जेवले.

आज आमचा राऊंड अक्कांवाचून निघत नाही. त्यांच्यामागे मात्र ही जागा पुन्हा औषधांच्या खिडकीपुरती ठेवावी, असा विचार व्यवस्थापनात चालू आहे. या गौरवग्रंथाची बातमी घेऊन आम्ही गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "हार, शाल, पुस्तक, सगळं घेते. माझ्यामागे वर कोण येणार, ते आधी लिहून आणा."

आम्ही सहा डॉक्टरांनी आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी व्यवस्थापनाला तसं पत्र दिलं आहे. उत्तर यायचं आहे. नकार आला तर दुसरं देऊ. तोवर राऊंडच्या वेळी खाली फोन करू आणि फार्मसिस्ट येईपर्यंत जिन्याशी उभे राहू.

अक्कांचे गुडघे दुखतात. त्या ते कबूल करत नाहीत. त्यांना चालत्या पायांचं, निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यातली थोडी वर्षं त्यांनी नव्या माणसाला तयार करण्यात घालवावीत, हा आमचा स्वार्थ. तो माणूस मिळवणं आमच्यावर आहे. ते आम्ही करू.