डोलणारी ट्रॉली आणि आमच्या अक्का

अक्का गेल्या त्या झोपेतच. सकाळी उठल्या नाहीत म्हणून त्यांची मुलगी प्रीती हाक मारायला गेली, तर अंग गार पडलेलं... हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी नातेवाइकांना फोन मीच करत होते, आणि जवळजवळ प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारला, "ट्रॅक्टर उलटला का?" मी नाही म्हटलं तरी पलीकडचं माणूस पुन्हा तेच विचारायचं, जणू मी काहीतरी लपवत होते. आता दोन महिने होत आले, तरी ती शंका माझ्या कानातून जात नाही. सुमनअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. डोंगरकडा गावाच्या आजूबाजूला स्वतःच्या केळीची ट्रॉली स्वतः ट्रॅक्टरनं ओढून नेणारी बाई म्हणून लोक त्यांना ओळखायचे. ओळखायचे म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवून असायचे.

अक्कांचा स्वभाव मुळातच संशयी. दुधात बोट बुडवून बघतील, गोडेतेलाचा डबा उघडून वास घेतील, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या शालूचा काठ उलटा करून त्यांनी जरीची तार खरवडून पाहिली होती. मला तेव्हा राग आला होता. पुढं थोरले दीर तापाच्या आजारात अचानक गेले, आणि त्या स्वभावाला धार आली. वाटणीत ट्रॅक्टर-ट्रॉली त्यांच्याकडे गेली होती, विहिरीकडचं रान आमच्याकडे. माझ्या नवऱ्याला वाटलं, आता वहिनी ट्रॅक्टर आपल्याला देऊन टाकतील. अक्कांनी माहेराहून भाऊ बोलावून घेतला, कापणी झालेल्या रानात महिनाभर ट्रॅक्टर शिकल्या, आणि केळी तुटायला लागली तशी ट्रॉली जोडून सरळ रस्त्यावर आल्या. "बाईमाणसाच्या हातात स्टेरिंग," असं पारावर म्हणून झालं. चार-दोन वर्षं त्यांनी तसं बोलायला कुणाला जागा दिली नाही.

मग एक उन्हाळा आला. आमच्या घराच्या पायव्यासाठी मुरूम आणायचा होता, म्हणून आमच्या ह्यांनी ट्रॉली मागून नेली. आठवड्यानं परत लावली. त्यानंतर पहिल्यांदाच अक्का केळी घेऊन बाळापूरच्या बाजाराकडे निघाल्या आणि ट्रॉली डोलायला लागली. जरा वेग आला की मागचा भाग डावीकडे, मग उजवीकडे, बैलानं शेपूट हलवावं तसा. वेग कमी केला की थांबायचं, वाढवला की परत सुरू. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मागून एक मोटारसायकल ओलांडून पुढं जात होती, तेवढ्यात ट्रॉलीचा कोपरा तिच्यावर आला. गाडीवरचे नवरा-बायको रस्त्याच्या कडेच्या नालीत पडले. बाईचा हात मोडला. जीव वाचला एवढंच... गावातली वडीलधारी माणसं संध्याकाळी अक्कांच्या ओसरीवर येऊन बसली. "सुमन, आता बस झालं. इकून टाक नाहीतर दिराला दे. उद्या कोणाचा जीव गेला म्हंजे?" अक्का खाली बघत म्हणाल्या, "मला चालवता येत न्हाई म्हून डोलून राहिली का?" आमचे हेही तिथंच बसले होते.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला बोलावलं. मी अंगणवाडीतून येत होते. ट्रॉली रिकामी उभी होती आणि अक्का पदर खोचून तिच्याखाली आडव्या झाल्या होत्या. "वंदे, इकडं ये. आत ये अशी." मीही वाकून आत शिरले. वरून नारळी दोरी लोंबत होती. ट्रॉलीच्या पुढच्या टोकापासून एक्सलपर्यंत आणि मागच्या टोकापासून एक्सलपर्यंत त्या दोरीनं मापून त्यांनी गाठी मारल्या होत्या. "तुझ्या थोरल्या दिराच्या वेळेला एक्सल जरा मागं होता. हे बघ, स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या खुणा इथं हायत. आता चार बोटं पुढं आलाय. म्हंजे मागल्या अंगाला माल जास्त पडून राहिला, मागचं वजन ट्रॅक्टरला जोडलेल्या दांडीला वर उचलतं. हुकावर भारच न्हाई. मंग ती डोलन न्हाई तर काय करन?" मी म्हटलं, "एक्सल आपोआप सरकंल कसा?" त्यांनी वेल्डिंगवर बोट ठेवलं. आख्खी ट्रॉली गंजकी लाल, आणि वेल्डिंगच्या जागेवर मात्र हिरवा रंग मारलेला होता. "लाल रंग मिळाला न्हाई वाटतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो हिरवा रंग कुठला, ते मला लगेच कळलं. आमच्या गोठ्याच्या दाराला त्याच महिन्यात तसला रंग मारलेला होता. मी रंग ओळखला, हे त्यांना दिसलं होतं.

घरी येऊन ह्यांना विचारलं. आधी चिडले, मग जेवणाचं ताट पुढं सारून बसले. म्हणाले, मुरूम जास्त भरला होता, उतारावर पाट्याची जागा तुटली, बाळापूरच्या वेल्डरकडून जोडून घेतली. "त्यानं बराबर बसवली म्हणला. मला काय ठाऊक सरकली म्हून?" मी विचारलं, "मंग सांगितलं काहून न्हाई? काल ओसरीवर तर बसले होते तुमी. वहिनीला सगळे बोलत होते तव्हा." ते म्हणाले, "सांगणार होतो." खरं सांगते, ते उत्तर मला त्या वेळी पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. चुकून मोडलं, हे मी मानते. पण मोडलं ते डोलतंय, त्यानं अक्का कंटाळून ट्रॅक्टर सोडतील, असा विचार ओसरीवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात एकदाही आला नसेल का... नवऱ्याबद्दल असं लिहिणं बरं नव्हे. पण हे त्यांनाही मी तोंडावर विचारलेलं आहे.

"तुमी सांगता का मी सांगू?" एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः गेले, मीही मागोमाग. अक्का हळद निवडत बसल्या होत्या. हे उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, एक्सल माह्या हातून मोडला होता." अक्कांनी वर पाहिलं. "मला ठाऊक हाय, भावजी. तुमी कवा सांगता ते बघून राहिले होते." मग सूप बाजूला ठेवून उठल्या. "पान्हा आणा."

केळीची तोड तोंडावर होती, वेल्डर आठ दिवस यायचा नव्हता. तोवर जमेल ते करायचं ठरलं. ट्रॅक्टरच्या मागची हुकाची पट्टी ह्यांनी बोल्ट काढून एक भोक खाली घेतली, म्हणजे वर तोंड करून असलेली ट्रॉली जरा पुढं झुकून सरळ झाली. दांडीच्या कडीत खटखट हलणारी झिजलेली पिन काढून अंगात घट्ट बसेल अशी जाड पिन घातली. दोन्ही चाकांची हवा सारखी केली. केळीचे घड भरताना अक्का स्वतः वर चढून उभ्या राहिल्या आणि माल पुढच्या अंगाला दाबून भरून घेतला. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले. हे मोटारसायकलवर मागून येत होते. फाट्यानंतर रस्ता सरळ लागतो तिथं अक्कांनी हळूहळू वेग वाढवला. मी सारखी मागं वळून बघत होते. ट्रॉली रेषेत येत होती. अक्का मात्र एकदाही वळल्या नाहीत, त्या आरशात फक्त मोटारसायकलवरच्या माणसाकडे बघत होत्या. पुढं आठवड्यानं एक्सल जुन्या जागी गेला. हात मोडलेल्या बाईकडे दोघं दीर-भावजय बरोबर जाऊन आली. पारावर मात्र खरं काय झालं ते अक्कांनी कधीच सांगितलं नाही. "घरचं हाय," म्हणाल्या. म्हणून तर मरेपर्यंत लोक त्यांच्या ट्रॅक्टर चालवण्यावर संशय घेत राहिले, आणि मेल्यावरही.

आमच्यावरचा त्यांचा विश्वास काही परत आला नाही, हेही खरं. आमच्याकडून कुऱ्हाड परत आली तरी दांडा ओढून बघायच्या. माझं जेवण मात्र त्यांना आवडायचं, सणाला ताट वाढलं की पुरणपोळी उलटी करून खालून बघायच्या आणि मग दोन खायच्या. शेवटच्या दिवाळीत मी म्हटलं, "अक्का, इतक्या वर्षांत मी तुमाला कधी कच्ची पोळी वाढली का?" त्या हसून म्हणाल्या, "न्हाई वाढली. मी बघते म्हून."

परवा आमची हळद बाजारात न्यायची होती. आम्ही दोघं ट्रॉली मागायला गेलो. नांदेडचं शिक्षण सोडून प्रीती आता शेत बघते. तिनं किल्ली लगेच दिली नाही. "न्या ना काका. पण आधी मला बघू द्या, अन् आणून लावल्यावर बी मी बघीन." ओढणी कमरेला बांधून ती चाकांच्या मधे शिरली. हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तिला कोणी सांगितलं?" मी सांगितलं नव्हतं. अक्कांनी सांगितलं असेल, की आईचं बघून पोरीला नुसती सवय लागली असेल... मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. आतून प्रीती म्हणाली, "काका, दांडी धरून हलवा बरं जरा." ह्यांनी वाकून दांडी धरली आणि हलवली. "अजून," ती म्हणाली. त्यांनी परत हलवली. ती एक्सलकडे सरकली, तरी ते दांडी धरून तसेच वाकून उभे राहिले.