डाव्या बाजूची हाक

जुन्नरच्या पेठेत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या वर्गमित्राइतका अर्धा इथं आणि अर्धा भलतीकडे असणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचा उजवा डोळा तपकिरी, डावा आभाळासारखा निळा. कपाळावर जन्मापासूनची पांढरी बट. आणि डावा कान ठार बहिरा. तपकिरी डोळा गिऱ्हाइकावर आणि निळा शिवनेरीवरच्या ढगांवर, असं आम्हाला वाटे. बटेला त्यानं कधी कलप लावला नाही. "देवानं एवढंच रंगवून ठेवलंय राव, बाकीचं करू द्या त्याला सावकाश," म्हणायचा. कुणी घासाघीस करू लागलं, की अलगद मान वळवून बहिरा कान पुढे करायचा. एक मावशी पातेल्याच्या भावावरून अर्धा तास भांडल्या, शेवटी ह्यानं विचारलं, "झाकण पायजे का, मावशी?"

मला मात्र त्या कानावर कधी हसता आलं नाही. चौथीत असताना शाळेच्या ओट्यावर मी त्याला मागून तीन हाका मारल्या. त्यानं वळूनही पाहिलं नाही. मला तो माज वाटला. डाव्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. पुढच्याच महिन्यात गुरुजींच्या ध्यानात आलं, ह्याला डावीकडचं ऐकू येत नाही. मी कुणाला काही बोललो नाही. चाळीस वर्षं त्याच्या उजव्या बाजूनं चालत आलो.

परवा मंचरला दिलेल्या त्याच्या मुलीला मुलगी झाली. तशीच पांढरी बट, तसाच एक डोळा निळा. आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केसांना, डोळ्यांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानालाही लागतात. एकाच जनुकात बदल असला, तरी तो तिन्हीकडे दिसू शकतो. बाळाचे कान चांगले आहेत. आजोबांचा मात्र जन्मापासूनच बंद असणार."

म्हणजे माझ्या चापटीनं कान गेला नव्हता. त्याला ऐकू आलं नाही म्हणून मी चापट मारली होती. सुटलो म्हणावं, तर न ऐकू येणाऱ्या पोराला मारल्याचं ओझं नव्यानं येऊन बसलं.

परतताना एसटीत, कळंबच्या पुढे, मी सगळं सांगून टाकलं. तो खिडकीकडून माझ्याकडे वळला.

"म्हंजे तू तीनदा हाक मारली आन् मी ओच दिली न्हाई?" तो हळहळला. "लई वाईट झालं राव. काय काम व्हतं तुझं?"

बाहेर उसाचे तुरे उन्हात हलत होते. मी आठवत राहिलो. नारायणगाव आलं, गेलं. काही केल्या आठवेना.