खरखर कुठून येत होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाच नीट ठाऊक नाही.

डोळे अधू झाल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, परभणीकडचं गाव सोडून माझ्याकडे कुकटपल्लीला आले. इथं शेजारीपाजारी सगळे तेलुगू, माझी मुलगीही मैत्रिणींबरोबर तेच बोलते. दादांना पोटभर मराठी मिळायची ती त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर, संध्याकाळी, गावाकडचं स्टेशन लागलं तर. आणि इथं नुसती खरखर.

मी काय कमी खटपट केली? सेल बदलले, गंजलेल्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, आवाजाचं बटण साफ केलं. आतली काळी दांडी — तीच त्याची अँटेना — तिची तारही शाबूत होती. दादा सेट मांडीवर घेऊन गावाच्या दिशेच्या अंदाजानं फिरवत बसायचे. काही उपयोग नाही.

मग एका संध्याकाळी करंट गेला, आणि स्टेशन लख्ख लागलं. कुणी शेतकरी तुरीवरच्या अळीबद्दल बोलत होता, अगदी आमच्याकडच्या बोलीत. दादा हसले. "केलंस की रे दुरुस्त," म्हणाले. करंट आला, पुन्हा खरखर.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं. दुसऱ्या दिवशी एकेक पिन काढून पाहिली. माझ्या वायफायचा अडॅप्टर, हलका माल. तो काढला की आवाज साफ. चांगला अडॅप्टर इथल्या कोटी बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो.

आणला नाही. का? घरून काम करतो, नेट लागतं — असं म्हणता आलं असतं. पण खरं सांगू? गावी असताना रेडिओ लागला की दादा मला शेजारी बसवून घ्यायचे, एकेका बातमीवरून गावातली माणसं आठवत राहायचे. मला कंटाळा यायचा त्याचा. म्हणून सांगून टाकलं — दादा, ते स्टेशनच बंद पडलं.

"बरं," म्हणाले ते.

पुढे गावाहून आत्याचा फोन आला. स्पीकर चालू होता, आणि तिच्या मागं तेच स्टेशन बोलत होतं. दादांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. मी स्पीकर बंद केला.

त्यानंतर त्यांनी मला एकही काम सांगितलं नाही. काठीच्या टोकाचं रबर झिजून गेलं होतं — तेसुद्धा नाही. बाथरूममध्ये काठी सटकली. खुब्याचं हाड मोडलं. आता उठणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

अडॅप्टर बदलला मी. स्टेशन साफ लागतं. लावलं की ते भिंतीकडे तोंड करतात. पाणी हवं असलं तरी मला सांगत नाहीत, मी शेजारी बसलेला असलो तरी. मुलीला हाक मारतात, आणि तिला लगेच कळावं म्हणून तिच्याकडूनच शिकलेल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत मागतात.