डाव्या कानापाशी

मी सुऱ्या तपासते. प्रभादेवीला हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना सामान पुरवणारं एक दुकान आहे, तिथे जपानहून आलेली खेप आधी माझ्या टेबलावर येते. लांब पात्याच्या, भाजीच्या चौकोनी, मासळीसाठीच्या एकाच बाजूला धार असलेल्या. प्रत्येक प्रकारातली एक उचलायची आणि ती किती कापते, किती वेळ कापते, ते लिहून द्यायचं. त्यासाठी एक छोटं यंत्र आहे. त्यावर दोरा ताणून बसवायचा. तो तुटायला सुरीला किती जोर लागला ते आकड्यात दिसतं. मग पिकलेला टोमॅटो. पातं नुसतं टेकवून मागे ओढायचं, दाबायचं नाही, साल आपली आपण उघडली पाहिजे. शेवटी काथ्याचा दोर, पुन्हा पुन्हा, धार मरेपर्यंत.

हे मी करते कारण तसा नियम आहे. माझा निकाल मात्र त्याआधीच लागलेला असतो. सगळ्यात आधी मी वर्तमानपत्राचं एक पान डाव्या कानाजवळ धरते आणि सुरी वरून खाली ओढते. धार चांगली असेल तर आवाज सलग येतो. कुठे कडा दुमडली असेल, बारीकशी खाच असेल, तर तेवढ्या जागी तो अडखळतो. दुकानातली पोरं हसतात. "मॅडम, काय बोलली सुरी?" म्हणून विचारतात. मी हसू देते. सुरी बोलत नाही हे मलाही कळतं. बोलतात ते माझे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी पान कापलं की डाव्या बाजूने त्यांचा आवाज येतो, आणि ते एकच विचारतात.

"कागद फाटलो की कापलो?"

माझे वडील मिलमध्ये कार्ड खात्यात ग्राइंडर होते. कापूस विंचरायच्या मशीनवर तारेचे लाखो बारीक दात असतात. ते बोथट झाले की घासून पुन्हा तीक्ष्ण करायचे, हे त्यांचं काम. घासायचा रोळ त्या दातांना टेकला-न टेकला असा बसवावा लागतो. जास्त टेकला तर दात जातात, कमी टेकला तर काम होत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं. बाबांना ते ओळखता यायचं, आणि त्याचा त्यांना गर्व होता. पण त्याआधी तरुणपणी त्यांनी बरीच वर्षं साचेखात्यात, मागांच्या खोलीत, बदली कामगार म्हणून काढली होती. तिथल्या खडखडाटाने पोखरलेले कान हळूहळू जात राहिले. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा समोर बसून ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नव्हतं.

संप लांबला. आमच्या लालबागच्या चाळीतले निम्मे लोक गावी निघून गेले. बाबा गेले नाहीत. त्यांनी कॉटखालून धार लावायचा दगड काढला, गॅलरीत पाटावर बसले आणि चाळीतल्या विळ्या घासायला लागले. पुढे बातमी मासळीबाजारात पोहोचली आणि कोळणी आपले कोयते-सुऱ्या फडक्यात गुंडाळून आमच्या जिन्यावर यायला लागल्या. कोळणीचं समाधान करणं सोपं नसतं. बाबांनी ते केलं.

धार पारखायच्या त्यांच्या दोन रीती होत्या. पहिली नखाची. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम थोडं वाढवलेलं असायचं. पातं त्या नखावरून अलगद सरकवत न्यायचं. कुठे अडलं तर तिथे दोष. त्या नखावर कायम बारीक चरे असत. दुसरी रीत कानाची, आणि त्यासाठी कान माझा होता. मी सतरा वर्षांची, अकरावीत. बाबा मला शेजारी बसवायचे, माझ्या डाव्या कानापाशी पेपर धरायचे आणि सुरी ओढायचे. मग विचारायचे. मी 'कापलो' म्हटलं की सुरी फडक्यात जायची. 'फाटलो' म्हटलं की पुन्हा दगडावर. माझ्या शब्दावर त्यांनी कधी उलट विचारलं नाही.

मला ते अजिबात आवडायचं नाही. आज इतक्या वर्षांनी गोड बोलायचं तर बोलता येईल, पण खोटं कशाला बोलू? वर्गातल्या मुली गॅलरीतून जाता-येता बघायच्या. अंगाला मासळीचा वास यायचा. त्यातून मी दादरला टायपिंगचा क्लास लावला होता, आणि या चाळीतून सुटायची तेवढी एकच वाट मला दिसत होती. पाचच्या बॅचला दार बंद झालं की बाई आत घेत नसत.

त्या दिवशी साडेचार वाजून गेले होते. एका कोळीण मावशीची सुरी होती. ती आमच्या नाक्यावरच्या बाजारात बसायची, आईची नेहमीची. मोठी मासळी कापायची लांब सुरी, खूप झिजलेली. बाबा दुपारपासून तिच्यावर बसले होते. त्यांनी ती नखावरून नेली, जरा थांबले, पुन्हा नेली. मग माझ्या कानापाशी पेपर धरला. पातं खाली आलं आणि मध्यावर, साधारण बोटभर अंतरात, आवाज अडला. मला स्वच्छ ऐकू आलं. घासताना पात्याच्या कडेला लोखंडाची बारीक पापुद्र्यासारखी कडा वळून राहते, ती निघाली नव्हती. अशी सुरी पहिल्यांदा झकास कापते आणि काट्याला लागली की ती कडा मुडपते. मग धार राहत नाही, सुरी घसरते. हे सगळं मला माहीत होतं. बाबांनीच शिकवलं होतं.

"फाटलो की कापलो?"

"कापलो," मी म्हटलं आणि चप्पल पायात सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरमईच्या काट्यावरून ती सुरी घसरली आणि मावशीच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी शिरली. आईने येऊन सांगितलं. हॉस्पिटलात टाके पडले, हात बरा झाला, पण आतली शीर तुटली ती तुटलीच. अंगठा पुढे कधी वाकला नाही. मावशी महिन्याभराने बाजारात येऊन बसली, मासळी तळहाताने दाबून धरून कापायला शिकली. आमच्या दारात येऊन तिने एक वाकडा शब्द काढला नाही. उलट आईला म्हणाली, "हात माझाच सरकला गो."

बाबांनी त्याच संध्याकाळी दगड फडक्यात बांधला आणि कॉटखाली भिंतीपर्यंत ढकलला. "हात गेलो माझो," आईला एवढंच म्हणाले. मग ब्लेड घेऊन अंगठ्याचं वाढवलेलं नख कापून टाकलं. मी दारात उभी राहून बघत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढे ते एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागले, आणि त्यांची कामाची उरलेली वर्षं धारेला हात न लावता स्टुलावर बसून गेली.

मी का बोलले नाही, याचं एक कारण मी स्वतःला वर्षानुवर्षं देत आले. बाबांना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागायचं. आमच्या खोलीत ओरडून सांगितलेली गोष्ट दोन मजले ऐकायचे. कुजबुजून कबूल करता आलं असतं तर केलं असतं, असं मी म्हणायचे. कारण खरं होतं, पण त्याच्या आड मी लपले होते हेही तितकंच खरं.

टायपिंगची परीक्षा मी पास झाले. त्या जोरावर या दुकानात पत्रं टाइप करायला लागले. दुकानात सुऱ्या यायच्या. एकदा मालक एका नव्या सुरीवर खूश होऊन बसले होते, मी सहज पेपर कानाशी धरून ओढून बघितला आणि म्हटलं, टोकाकडे दोष आहे. तो निघाला. तेव्हापासून तपासायचं काम माझं. ज्या गॅलरीतून पळायला मी खोटं बोलले, तिथेच मला आणून बसवलं गेलं होतं. फक्त आता विचारणारं कोणी नव्हतं, आणि तरी प्रश्न ऐकू यायचा. बाबा तेव्हा जिवंत होते, आधी त्या बांधकामावर, पुढे घरी कॉटवर बसलेले असायचे. पण दुकानात, बंद काचेच्या खोलीत, त्यांचा आवाज माझ्या कानापाशी असायचा. एकेक सुरी मी तीनतीनदा तपासायचे. दोष नसला तरी ऐकू यायचा. कधी पान कापताना डोळ्यांपुढे तो न वाकणारा अंगठा यायचा आणि हात थांबायचा. मावशीच्या बाजूचा रस्ता तर मी कधीच सोडला होता. बाजारात जायचं झालं तर उलट्या टोकाने शिरायचे.

असं तीस वर्षं चाललं. मग एकदा मासळीची एक जपानी सुरी आली. जाड पाठीची, धार एकाच बाजूला. यंत्रावर आकडा उत्तम आला, टोमॅटो, दोर सगळं झालं. कानाला मात्र मुठीजवळ काहीतरी वाटत होतं. आहे की भास आहे, ते कळेना. तिसऱ्या दिवशी मी ती सुरी पिशवीत घालून घरी नेली. बाबांना दाखवायला नेली की स्वतःला गाठायला, कोण जाणे.

बाबांनी ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ नुसतं वजन बघत राहिले. पातं अंगठ्याच्या नखावर ठेवलं, पण नख म्हातारपणी जाड झालं होतं, त्यांना समजेना. मग त्यांनी उशाचा पेपर ओढला आणि मला जवळ बोलावलं. मी पन्नाशीला टेकलेली बाई, जमिनीवर त्यांच्या शेजारी बसले. डाव्या कानापाशी पातं खाली आलं.

"फाटलो की कापलो?"

"फाटला," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडले, "फाटला. मुठीजवळ." आणि ओरडायला एकदा तोंड उघडलं तसं बाकीचंही बाहेर पडलं. मावशीच्या सुरीचाही फाटला होता, बाबा. मला ऐकू आलं होतं. क्लासला उशीर होत होता म्हणून मी खोटं सांगितलं. तुमचा हात गेला नव्हता. गॅलरीत कोणीतरी हातातली बादली खाली ठेवून ऐकत थांबलं.

बाबा पेपरच्या कापलेल्या कडेकडे बघत होते. "माझ्या नखाक लागला होता," ते म्हणाले. "दोनदा लागला. मगे मी म्हटलंय, माझ्या चेडवाचो कान खोटो कशाक बोलात?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मावशीचा अंगठा गेला त्या दिवसापासून. हात गेला नाही हे माहीत असून त्यांनी दगड बांधून ठेवला होता, पुन्हा मला विचारायची वेळ येऊ नये म्हणून. मला रडू आलं, आणि रागही आला, की एवढी वर्षं हा माणूस एका शब्दाने का बोलला नाही. मी रडत होते तर त्यांनी समजूत घातली नाही. सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तिका सांगितलंस?"

रविवारी मी बाजारात गेले, या वेळी सरळ रस्त्याने. मावशीच्या जागेवर तिची सून बसली होती. मावशी गणपतीच्या आधीच गेली, असं ती म्हणाली. गिऱ्हाईक उभं होतं, तिचे हात चालू होते. मी निघून आले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण बाबांना जाऊन काय सांगणार होते? गिऱ्हाईक गेल्यावर मी तिच्यापुढे खाली बसले आणि सगळं सांगितलं, टायपिंगच्या क्लाससकट. मी थांबले तेव्हा तिने हात धुतले, समोरची सुरी फडक्याने पुसली आणि माझ्याकडे सरकवली.

"मंग ही ने. धार लाव न् आन," ती म्हणाली. "मना उद्या सकाळला पायजे."

ती सुरी घेऊन मी घरी आले. दगड कॉटखाली भिंतीशी होता, फडकं कुजलं होतं, दगड चांगला होता. बाबांच्या हातात जोर नव्हता, म्हणून घासलं मी आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून कोन सांभाळला. दुपार गेली त्यात. शेवटी त्यांनी सुरी पुसली, पेपरचं पान माझ्या कानापाशी धरलं आणि पातं वरून खाली, मुठीपासून टोकापर्यंत, सावकाश ओढलं.

"कागद फाटलो की कापलो?"

मी ओरडून म्हटलं, पुन्हा ओढा.