आगराचं पाणी अळणी झालं तेव्हा

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. पुढचं पेणच्या खाडीकाठी मिठागरात शिकलो. वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि ठरवायचं, मीठ आज ओढायचं का अजून ऊन खाऊ द्यायचं. माझा बाप असंच करायचा. माझी जीभ कधी चुकली असं आगरात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. म्हणायची कुणाची छातीही नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वाडीची आशाताई दारात येऊन उभी राहिली. आत नाही आली. मला तेच खटकलं.

"बाबा, खोकताय ना तुम्ही?"

"धुरळ्याचा हाय."

"मिठागरात कसला धुरळा?"

बायको आतून हसली. मी म्हणालो, "मला ताप नाय. ताप नाय तर आजार कसला?"

"ताप नसला तरी तो असू शकतो. आणि आपल्याला काय वाटत नसलं तरी दुसऱ्याला जातो."

"म्हंजे मी धडधाकट आणि दुसरा आडवा? हे कुठलं गणित?"

"बोलताना, खोकताना तोंडानाकातून उडतो, बाबा. बंद जागेत हवेत राहतो. तुमची पोर यायचीय ना? दिवस भरत आलेत तिचे. त्यासाठी सांगते, तपासून घ्या."

"अगो, मी रोज गुडघाभर खारात उभा असतो. खारवलेला मासा सडत नाय, तिथं तुझा किडा काय जगेल?"

"खार पायाला लागतो. फुप्फुसात जातो काय?"

मला काम आहे असं सांगून मी फावडं उचललं. मनात आलं, हिला वरून माणसं जमवायचा हुकूम असणार. वाडीत तर बोलत होते की नाकात घालतात ती काडीच आजार सोडते. मी त्याच्यावर पुरता विश्वास ठेवला नव्हता, पण सोडूनही दिला नव्हता.

मुलगी अष्टमी गावात दिलेली, रोह्याच्या पुलापलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्यात कुणी विचारत बसत नाही. पण तिच्या सासूने फोन केला होता. "व्याही, तुमच्याकडे साथ जोरात हाय म्हणतात. पोरगी इथंच राहू दे."

मला वाटलं, हिला नातवंड आपल्या ताब्यात पाहिजे, आणि साथीचं निमित्त बरं सापडलंय. म्हणालो, "माझ्या घरात पोरीला दोन घास घालायची ऐपत हाय अजून." रिक्षा ठरवली. उद्या सकाळी मी स्वतः जाणार, तिला घेऊन येणार. पडदे बांधून आणीन म्हणजे वारा लागायला नको, असंही ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी आगरात गेलो. मोठ्या वाफ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. काही नाही. विहिरीच्या पाण्यासारखं. शेजारच्या वाफ्यात बोट घातलं, तेच. त्याच्या पुढचा वाफा, तोही अळणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भरतीचं पाणी आत घ्यायच्या फाटकाला आम्ही उघाडी म्हणतो; ती अवेळी सुटली की उन्हात आटवलेलं खारं पाणी पातळ होतं. ती राखायचं काम माझ्या मेव्हण्याचं. तो झाडाखाली बिडी ओढत होता.

"उघाडी कुणी सोडली?"

"कुणी नाय, दाजी. बंद हाय."

"मग माझ्या वाफ्यांत हे पाणी कुठनं शिरलं? खाडीच्या लोकांकडनं काय खाल्लंस ते सांग. आपल्या वाफ्यांत कोलंबी सोडायचीय ना त्यांना?"

"दाजी, तोंड सांभाळा." तो उठला, तरातरा वाफ्याशी गेला, बोट चाटलं आणि थुंकला. तोंड कडू औषध प्याल्यासारखं. "जीभ भाजली माझी! ह्याच्यापेक्षा खारट काय पाहिजे तुम्हाला?"

मला वाटलं, सोंग करतोय. बहिणीच्या घरी जेवून जेवून सोंगं शिकलाय. मी ढिगातला मिठाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. चावला. दातांखाली वाळू फुटल्यासारखं वाटलं, बस. दुसरा टाकला. मेव्हणा माझ्याकडे बघत होता, आणि हळूहळू मागे सरकत होता.

"दाजी, आशाताई विचारत हुती... तोंडाची चव गेलीय काय कुणाची म्हणून."

मी त्याच्या बिडीकडे पाहिलं. धूर माझ्याच अंगावर येत होता. वास नव्हता.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझी नाही. डोळ्यासमोर उद्याची रिक्षा आली. दोन्ही बाजूंना बांधलेले पडदे, आत माझी पोर पोट धरून बसलेली, आणि शेजारी मी, खोकत.

बांधावरूनच फोन लावला. पोरीला नाही, तिच्या सासूला.

"विहीणबाई, पोरीला पाठवू नका."

"का? काल तर..."

"माझी चव गेलीय."

तिकडे फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, हसत असेल. मग ती म्हणाली, "घरात जाऊ नका. तिच्या आईलाही जपा." ते तिने बऱ्या आवाजात सांगितलं. तरी मी मनात म्हटलं, जिंकली ना.

सरकारी दवाखान्यात काडी घातली नाकात. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही झालं नाही. आजार निघालाच. मी आशाताईला म्हणालो, "काडी घालायच्या आधी नसला तर?"

"मग काडीच्या आधीच मीठ अळणी कसं झालं?" ती म्हणाली.

मी आगरातल्या खोपीत राहिलो. बायको बांधावर डबा ठेवून लांब उभी राहायची. आशाताई बोटाला चिमटा लावून श्वासाचं यंत्र बघायची आणि म्हणायची, धाप लागली तर लाजू नका, लगेच हाक मारा. मी विचारायचो, "माझ्याकडनं बायकोला गेला तर? आणि मला परत होईल काय?" ती म्हणायची, बाबा, परत होऊ शकतो, म्हणून लस घ्या. लसीतही काही असणार असं मला वाटत होतं. घेतली ती नंतर, आणि मेव्हण्याला आधी घ्यायला लावून.

पोर रोह्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. मोकळा झालो तरी मी आणखी काही दिवस मुद्दाम थांबलो आणि मग अष्टमीला गेलो. आत गेलो नाही. ओटीवर, वाऱ्याच्या तोंडाशी बसलो. पोरीने दारातूनच नात दाखवली. लालबुंद, कपाळाला आठ्या. आमच्याच घरातली.

इतक्यात आतून विहीण खोकत दाराशी आली.

"विहीणबाई, खोकला कधीपासून?"

"मिरचीची फोडणी दिलीय, व्याही."

"मला वास येत नाय फोडणीचा."

"तुम्हाला अजून कसलाच वास येत नाय!"

"व्हय, पण कान शाबूत हायत. तपासून या. तोवर नातीला हातात घेऊ नका."

"बाबा!" पोरगी ओरडली. विहीण पदर खोचून आत गेली, आणि मला चहा बाहेरच मिळाला.

दोन दिवसांनी पोरीने फोनवर सांगितलं, सासूबाई जाऊन तपासून आल्या, काही निघालं नाही म्हणे. म्हणे लिहितो, कारण मी स्वतः काही बघितलेलं नाही.